रनिंग बोर्डाच्या पोटातलं पाणी

गणपतीला बारा दिवस होते. गाडी धुताना डाव्या बाजूच्या रनिंग बोर्डावर, म्हणजे दारांखालच्या पोकळ पत्र्यावर, मागच्या दाराच्या खाली, रंगाला हरभऱ्याएवढा फोड दिसला. अंगठ्याने दाबला तर पापडासारखा कुरकुरला आणि आत गेला. अंगठाही आत गेला.

गाडी दहा वर्षांची, घर रत्नागिरीत, समुद्र हाकेच्या अंतरावर. चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ खारा वारा. तरी मी निर्धास्त होतो, कारण दोन वर्षांपूर्वी साडेचार हजार मोजून अंडरबॉडी कोटिंग करून घेतलं होतं. गाडी खालून डांबर फासल्यासारखी काळीकुळकुळीत. दोन शेजाऱ्यांनाही मीच ते करायला लावलं होतं.

विम्याचं एका फोनमध्ये आटपलं: गंज म्हणजे झीज, अपघात नव्हे. कोटिंगवाल्यांकडे पावती घेऊन गेलो, तर म्हणाले, पाच वर्षांची गॅरंटी कोटिंगची आहे, पत्र्याची नाही! एका गॅरेजवाल्याने दोन हजारांत फायबर आणि पुट्टी मारून द्यायची तयारी दाखवली. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण आतला गंज तसाच ठेवून वरून पुट्टी म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तोच फोड, फक्त मोठा.

शेवटी मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या एका टिंकरिंगवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने रनिंग बोर्ड ठोकत गेले. टण, टण, टण, थप. थप आला तिथे पटाशी लावली. काळा थर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अख्खा सुटून आला आणि खाली ओलसर, नारिंगी खपल्या.

"काका, ह्याची भोकं कुठे गेली?"

कसली भोकं, मला पत्ताच नव्हता. रनिंग बोर्डाला आणि दारांना खालून कंपनीनेच भोकं ठेवलेली असतात. काचेच्या रबराशेजारून दारात पाणी शिरतंच, रनिंग बोर्डात सांध्यांतून झिरपतं, ते तिथून निघून जायचं. आमच्या कोटिंगवाल्याने फवारा मारताना ती सगळी बुजवली होती. मिस्त्रींनी सायकलच्या चाकाची तार घातली, फिरवली आणि चहाच्या रंगाचं पाणी धार लागून बाहेर आलं. अर्धा तांब्या तरी असेल. त्याआधी चार दिवस पावसाचा थेंब नव्हता.

माझी समजूत होती की गंज खालून, रस्त्याकडून चढतो. चढतोही, पण माझ्या गाडीचा पत्रा आतून बाहेर कुजत आला होता. फोड दिसला तेव्हा काम संपत आलेलं.

कापायला सुरुवात झाली तेव्हा मी स्टूल टाकून बसलोच. वीतभर तुकडा काढला. नवा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला. जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण वेल्डिंगच्या जागी तेच आधी जळतं. जस्त 907 अंशांना उकळतं, पोलाद वितळायला 1,500 च्या आसपास लागतात. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून मिस्त्रींनी कडांवरचं जस्त आधी घासून काढलं, मास्क लावला आणि मगच सीओटू वेल्डिंग केलं.

आणि इथेच खरी मेख आहे. कारखान्यात अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवून वीज सोडतात, त्यामुळे प्रायमर आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. वेल्डिंगने तो आतून जळाला की गॅरेजमध्ये परत तसा बसत नाही. बाहेरून झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग, हे सगळं झालं. आतून मात्र लांब नळीने मेणाचा फवारा मारायला लागतो. तो डबा गावात मिळेना, कोल्हापुरातून मागवला. वर पावसाने रंग वाळेना. तीन दिवसांचं काम अकरा दिवस चाललं, बिल साडेअकरा हजार झालं आणि गणपती शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आले.

उजव्या बाजूचीही भोकं तारेने उघडली. पाणी तिथूनही आलं, पण ठोकल्यावर सगळीकडे टण. "हा वाचला," मिस्त्री म्हणाले. मग डिकी उघडून स्टेपनी उचलली, खालचा लालसर डाग बघितला, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मासळी आता झाकणाच्या बादलीतून आणतो. आणि ज्या दोन शेजाऱ्यांना कोटिंग करायला लावलं होतं, त्यांच्या गाड्यांखाली येत्या रविवारी तार घेऊन मलाच आडवं व्हायचं आहे.