आळीपाळीने पाहिलेलं कोकण

वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्रात शिरताना मी पाहिली आणि नवऱ्यानेही पाहिली, पण बरोबर उभं राहून नाही. मी सकाळी गेले, तो संध्याकाळी. जो किनाऱ्यावर नव्हता तो गावात, गाडीच्या उघड्या दारात, चकलीचा पट्टा मनगटाला गुंडाळून बसला होता.

चकली ही आमची कुत्री. गावठी, तांबूस, १८ किलो वजनाची. शेपटीला दीड वेढा आहे, नाव त्यावरूनच पडलं. पुण्याचं घर भाड्याने देऊन आम्ही तिघं एका मारुती ईकोत राहायला लागलो त्याला आता १४ महिने झाले. मागे काढता-घालता येणारा प्लायचा पलंग, पलंगाखाली पाण्याचे २० लिटरचे दोन कॅन, पाच किलोचा सिलिंडर, एकच बर्नर. गाडीच्या पत्र्याला कुठेही हात लावलेला नाही. आरटीओशी वाद घालायचं वय आता राहिलं नाही. उरलेली जागा चकलीची. म्हणजे खरं तर सगळी जागा चकलीची आणि आम्ही तिच्या कडेकडेने झोपतो.

तर वेळास. बागमांडल्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरी बोटीने, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. तिकीट फाडणाऱ्याने गाडीचे पैसे घेतले, खिडकीतून बाहेर आलेलं चकलीचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "हिचं नको, ही उभीच राहणार." वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता लोक इथे येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. मादी रात्री वाळूत येऊन शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत वळूनही बघत नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली इथे काम सुरू केलं. अंडी उचलून जाळीच्या कुंपणात तशाच खोलीच्या खड्ड्यांत पुरायची, पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर आली की सकाळ-संध्याकाळ सोडायची. हे कुंपण कोणापासून? माणसांपासून, कोल्ह्यांपासून आणि कुत्र्यांपासून.

हे माहीत असल्यामुळे चकलीला किनाऱ्यावर न्यायचा प्रश्नच नव्हता. पट्टा बांधूनही नाही. तिला वाळू उकरायला आवडते आणि तिचं नाक माझ्या डोळ्यांपेक्षा हुशार आहे. तरी एक जोडपं आपलं लॅब्राडॉर मोकळं घेऊन आलंच. "तो काही करत नाही हो," असं म्हणत होते. सगळ्यांचीच कुत्री काही करत नाहीत. गावातल्या एका काकांनी त्यांना शांतपणे परत रस्त्यापर्यंत पोचवलं, आणि खरं सांगते, मला मनातून बरं वाटलं.

लोकांना वाटतं की अशा प्रवासात कुत्र्यामुळे अडचण होते ती हॉटेलांची. हॉटेलात आम्ही राहतच नाही. आमची अडचण ऊन. ठाण्याच्या एका मावशींनी फोनवर विचारलं होतं, "मग काच थोडी खाली ठेवून जायचं ना दोघांनी!" फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस रिकाम्या गाडीत थर्मामीटर ठेवून पाहिला. बाहेर ३१ अंश होते, काचा दोन बोटं खाली. २० मिनिटांत आत ४१. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि तोंडातलं पाणी वाफ होऊन जाईल तेवढंच निवायचं. कोकणातल्या दमट हवेत ती वाफच नीट होत नाही. सोलापूरच्या कोरड्या ३८ अंशांत झाडाखाली ती मजेत झोपायची. इथे ३३ लाच तिची जीभ लांब होते. म्हणून नियम एकच: चकली गाडीत एकटी राहणार नाही. आणि म्हणून देऊळ, किल्ला, संग्रहालय, खानावळ सगळं आळीपाळीने.

सावली ओळखणं हीसुद्धा एक विद्या आहे, ती मी पन्नाशीला टेकताना शिकले. सकाळी दहाला जिथे सावली आहे तिथे गाडी लावायची नाही. दोनला जिथे येईल तिथे लावायची, आणि मधले चार तास छत्री, ओला टॉवेल आणि सबुरी यांवर काढायचे. गाडीचं तोंड शक्यतो उत्तरेला. माडाखाली कधीच नाही, नारळ पडताना खाली कोण आहे ते विचारत नाही. किनाऱ्यावरचं सुरूचं बन लांबून गारेगार दिसतं, पण त्याची सावली चाळणीतून गाळल्यासारखी. आंबा उत्तम, पण फळं धरली की मालकाची नजर आपल्यावर राहते, आणि ते योग्यच आहे. सगळ्यात चांगला फणस. दाट, बुटका, आणि त्याखाली बहुधा कोणीतरी आधीच खाट टाकलेली असते, म्हणजे गप्पांची सोय.

यात आणखी दोन भांडणं आहेत. आमचा २०० वॅटचा सोलर पॅनेल उन्हात हवा, कारण त्यावर १०० अँपिअर-अवरची बॅटरी भरते आणि बॅटरीवर चकलीचा पंखा चालतो. म्हणजे चकलीला सावली मिळावी म्हणून पॅनेल उन्हात. टपावर बसवलेला असता तर सावलीत गाडी लावून काही उपयोग नव्हता. म्हणून घडीचा घेतला, पाच मीटर वायर लावली. तो रस्त्याकडेला उन्हात उघडून ठेवला की हमखास कोणीतरी थांबून विचारतं, "पापड वाळवता का?"

दुसरं भांडण रेंजचं. नवरा लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. महिन्याची ११ आणि २० तारीख आमच्या घरात, म्हणजे गाडीत, एकादशीपेक्षा कडक. कोकणात खाली वाडीत सावली, पाणी, माणसं सगळं असतं, फक्त रेंज नसते. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, रेंजच्या चारही काड्या, पण सावलीला एक झाड नाही, नुसता तापलेला जांभा. त्यामुळे ११ आणि २० तारखेला आम्ही दिवस उतरल्यावर सड्यावर चढतो. तो लॅपटॉप उघडतो, मी भात लावते आणि चकली टिटव्यांना हुसकावते. टिटव्या तिला जास्त हुसकावतात.

तिचं जेवण सोपं आहे. भात, उकडलेलं अंडं, मिळाला तर बिनमिठाचा उकडलेला बांगडा, काटे मी बसून काढते. हर्णैला दुपार कलल्यावर बंदरात लिलाव सुरू होतो तेव्हा मी तिला घेऊन लांब उभी राहिले. बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांतून मासळी आणत होत्या, समोर सुवर्णदुर्ग, पायाखाली चिखल आणि खवले. मला धास्ती होती तिथल्या कुत्र्यांची. आमची खरी कसोटी दर गावच्या वेशीवर असते. दहा जण धावून येतात, चकली माझ्या पायात शिरते, मी काठी आपटते. हर्णैच्या कुत्र्यांनी डोळा उघडून बघितलंसुद्धा नाही. पोटं भरलेली. एकाने झोपल्या झोपल्या शेपटी हलवली, बस. तिथेच वाळूत फुगून पडलेला एक मासा चकलीने तोंडात धरायला आणि जाळं विणत बसलेल्या बाईंनी ओरडायला एकच गाठ पडली: "अगो, सोडव तो, केंड हाय तो!" केंडात विष असतं हे मला ऐकून माहीत होतं, तो असा दिसतो हे त्या दिवशी कळलं.

दाभोळहून धोपाव्याला फेरी बोटीने वाशिष्ठी ओलांडली, चिपळूणचा वळसा वाचला, आणि गुहागरच्या बाजूला पोचलो तो शिमगा तोंडावर. एका वाडीतल्या शाळेच्या आवारात विचारून गाडी लावली. रात्री ढोल जवळ येऊ लागले तसं चकलीला कापरं भरलं. पलंगाखाली, कॅनच्या मागे, जिथे मांजरही मावणार नाही तिथे ती घुसली. पालखीच्या पुढे संकासुर होता. अंगभर काळा वेश, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो थेट गाडीपाशी आला. आतून गुरगुर. मी म्हटलं, "घाबरलीय हो ती." संकासुर थांबला, कमरेची घुंगरं दोन्ही हातांनी घट्ट धरली, म्हणजे वाजू नयेत, आणि मागे मागे जात दहा पावलांवर जाऊन मगच परत नाचायला लागला. सकाळी दूध घालायला आलेला पोरगा म्हणाला, "राती मीच व्हतो. कुत्री बरी हाय ना?"

ती बरी नव्हती. आम्ही आधी भीतीचं निमित्त धरलं, पण दुसऱ्या दिवशी तिने बांगड्याकडे पाठ फिरवली तेव्हा पोटात गोळा आला. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या फिकट. कानामागे दोन गोचिडी, त्याआधीच्या आठवड्यात गुरांच्या रानातून फिरवल्याचं फळ. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. आमच्या पुढे एक शेळी, एक रेडकू आणि पिशवीतली कोंबडी. डॉक्टरांनी आधी ताप पाहिला, रक्त घेतलं, गोचीड ताप म्हणाले, डॉक्सिसायक्लिनच्या २८ दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. "बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. आणि उपाशी पोटी नाही." मग केसपेपर भरणाऱ्या माणसाने विचारलं, "पत्ता?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पुण्याचा पत्ता दिला तर त्या घरात दुसऱ्यांचा संसार.

"आत्ता कुठे आहात?"

"बाहेर. फणसाखाली."

त्याने क्षणभर विचार केला, खिडकीतून वाकून पाहिलं आणि पत्त्याच्या रकान्यात गाडीचा नंबर लिहिला. तो कागद मी रेबीजच्या लसीच्या कार्डाबरोबर प्लास्टिकमध्ये जपून ठेवलाय. गेल्या १४ महिन्यांत आमच्या राहण्याची सरकारदरबारी झालेली ही एवढीच नोंद.

त्या २८ दिवसांत आम्ही फारसं फिरलो नाही. रोज वीस-तीस किलोमीटर, कधी तेवढंही नाही. दर संध्याकाळी अंगणात चटई टाकायची आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत, कानांत, शेपटीखाली टॉर्च लावून गोचिडी शोधायच्या. सापडली की चिमट्याने तोंडापाशी धरून सरळ ओढायची, साबणाच्या पाण्यात टाकायची. हेदवीच्या दशभुज गणपतीला नवरा आत गेला, मी पायरीशी. बामणघळीला मी गेले, लाट घळीत शिरून उसळते ते त्याला हातवारे करून सांगितलं. तवसाळहून जयगडला जाताना बोटीच्या कठड्यावर पुढचे पाय ठेवून चकली पहिल्यांदा वाऱ्यात नाक धरून उभी राहिली, तेव्हा गोळ्यांचा अठरावा दिवस होता. मालगुंडला केशवसुतांचं घर त्याने पाहिलं. मी त्या वेळी समोरच्या टपरीवर दोन वडापाव पाहिले.

आता आम्ही विजयदुर्गात आहोत. इथे भाषा बदलली. एसटी स्टँडच्या जवळ गाडी लावली तर एका आजींनी विचारलं, "खयसून इलास?" मी म्हटलं पुण्याहून, पण वर्ष झालं निघून. त्यांनी आत वाकून पलंग पाहिला, शेगडी पाहिली, चकली पाहिली. "आणि घर?" मी गाडीवर हात ठेवला. आजी म्हणाल्या, "होच घर? मगे तुळस खय?" याचं उत्तर मला देता आलं नाही. संध्याकाळी त्यांनी आईस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात एक रोप आणून दिलं. ते आत्ता डॅशबोर्डवर आहे. घाटात त्याचं काय करायचं ते बघू.

नवरा दुपारी किल्ला बघून आला. तीन तटांची रांग कशी एकामागे एक आहे ते त्याने बिलाच्या पाठीवर काढून दाखवलं. माझी पाळी लगेच होती, पण तेवढ्यात पिंपळाची सावली गाडीवरून सरकली आणि गाडी हलवण्यात, पॅनेल उचलण्यात, पाणी भरण्यात साडेपाच वाजले. उद्या सकाळी सव्वासहाला मी जाणार आहे. चकलीने पलंगाची माझी बाजू आत्ताच धरून ठेवली आहे.