ओल्या मातीत कोमेजलेला पॉइन्सेटिया

कुंडी बदलल्यावर मान टाकलेली झाडं बघायला मला वर्षभर बोलावणी येतात. बहुतेकांचं फोनवरच आटोपतं: उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा, खत घालू नका, थांबा. कोथरूडच्या एका काकूंचा पॉइन्सेटिया मात्र फोनवर आटोपण्यातला नव्हता. तो नेमका कशानं जगला, यावरून माझा आणि माझ्या सहकाऱ्याचा वाद अजून चालू आहे.

झाड नाताळाच्या आधी आणलेलं, बुटकं, लालभडक. आणल्याबरोबर माळ्यानं ते पाच इंची कुंडीतून काढून बारा इंची सिरॅमिकच्या कुंडीत लावलं, भोवती लाल माती आणि शेणखत दाबून दाबून भरलं. या सवयीचा मला मनापासून राग येतो. रंगात आलेल्या झाडाची कुंडी बदलायची घाई कशाला? हे झाड मूळचं मेक्सिकोतलं. पाणी साचलेलं त्याला मुळीच खपत नाही. त्यातून नर्सरीत ते हलक्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, वाढलेलं. भोवती एवढी चिकट माती आली, की ती ओल पिणारी मुळं तिथं नसतातच. माती दिवसेंदिवस ओली राहते, वाफसा, म्हणजे ओलीबरोबर हवाही खेळेल अशी स्थिती, येतच नाही आणि मुळं गुदमरतात.

"अगं, रोज पाणी घालते, तरी सुकतंय," काकू म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तहानलेलं झाड आणि मुळं कुजलेलं झाड वरून सारखंच दिसतं, कारण दोघांच्याही पानांपर्यंत पाणी पोचत नाही. फरक कळतो तो मातीत बोट घातल्यावर. इथं दोन इंच खाली चिखल होता.

झाड उपसलं तर आंबूस वास आला. तपकिरी झालेलं मूळ चिमटीत धरून ओढलं, की वरची साल हातात येत होती आणि आत नुसता दोरा उरत होता. ही पिथियमची मूळकूज. माळ्यानं त्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक ओतलं होतं. आमच्या धंद्यात झाडाला काहीही झालं की हीच पावडर बाहेर निघते. पण पिथियम बुरशीसारखी दिसली तरी खरी बुरशीच नाही, त्यामुळे कार्बेन्डाझिमचा तिच्यावर परिणाम होत नाही. मी पिथियमवर चालणारं मेटॅलॅक्सिल पाण्यात मिसळून मुळाशी ओतलं.

त्याआधी कुजलेली मुळं कापली. उरलेल्या पांढऱ्या मुळांचा गोळा मुठीत मावेल एवढाच होता, म्हणून कुंडीही लहान घेतली, तळाला भोकं असलेली. कोकोपीट, परलाइट (हलके पांढरे खडे) आणि थोडं गांडूळखत असं मिश्रण भरलं. काकूंना कुंडी उचलून बघायला शिकवलं: हलकी लागली तरच पाणी, आणि बशीत साचलेलं लगेच ओतून टाकायचं. त्यांना ते माझ्या हाताखालच्या मुलांपेक्षा लवकर जमलं.

वाद आहे तो छाटणीचा. मी सगळा लाल भाग कापून टाकला. तो लाल भाग म्हणजे फुलं नव्हेत, रंगलेली पानंच. खरी फुलं मधोमध, पिवळी, इवलीशी. एवढी पानं पोसायला मुळंच उरली नव्हती, असा माझा हिशेब. कापलेल्या जागेतून पांढरा चीक वाहत होता (तो कातडीला चुरचुरतो, हातमोजे हवेत) आणि काकू गप्प उभ्या होत्या. परदेशातून येणाऱ्या मुलीसाठी त्यांनी ते झाड आणलं होतं. सहकारी म्हणतो, नवीन मुळं फुटायला लागणारं अन्न पानंच तयार करतात. झाडावर प्लॅस्टिकची पिशवी घालून दमट हवा ठेवली असती, तर न छाटताही ते सावरलं असतं, आणि मुलीला रंग बघायला मिळाला असता. त्याचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. खालची हिरवी पानं मी ठेवली होती आणि फेब्रुवारीत त्यांच्याच बगलेतून कोंब फुटले, हे तो दर वेळी ऐकवतो.

आता झाड दाट आणि हिरवंगार आहे. काकूंना काळजी रंगाची. बंगल्यांच्या आवारातली उंच पॉइन्सेटिया आपोआप लाल होतात, कारण ऑक्टोबरपासून रात्र पुरेशी लांब होते. काकूंच्या गॅलरीत मात्र रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट जळते, आणि तेवढ्या उजेडानं रंग अडतो. झाडाला रोज सलग बारा तासांच्या आसपास अंधार हवा, तोही दोन महिने. अंधारासाठी रोज संध्याकाळी झाडावर खोकं झाकण्यापेक्षा कुंडी मागच्या बाल्कनीत हलवायचं ठरलंय; तिथं सकाळचं ऊन येतं आणि रात्री कुणी दिवा लावत नाही.