पाण्यात पायसुद्धा न घालता

संक्रांतीनंतरचा शनिवार होता. माझी बॅग चेंजिंग रूममध्ये भरून तयार होती. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा दहाचं नागपूरचं विमान, दुपारी भाचीचा साखरपुडा. बॅगेत पैठणी, हिरव्या बांगड्या आणि तिळाच्या वड्यांचा डबा. दोन वाजता ड्युटी संपवून कळव्याला घरी जायचं आणि लवकर झोपायचं, असा साधा बेत.

मी ज्या युनिटमध्ये सिस्टर आहे ते म्हणजे हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचं हायपरबॅरिक चेंबर. बाहेरून बघितलं तर दुधाच्या टँकरला गोल खिडक्या बसवल्यासारखं दिसतं. आत हवेचा दाब वाढवायचा आणि पेशंटला मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. आमच्याकडे येणारे बहुतेक जण मधुमेहाची पायाची जखम भरत नाही म्हणून येतात, नाहीतर कॅन्सरसाठी जबड्याला रेडिएशन घेतलेले असतात. थंडीत एखादा बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने गुदमरलेला. डायव्हिंगचा पेशंट क्वचित. आणि तो हटकून सुट्टीच्या तोंडावर, सगळी सेशन्स आटोपल्यावरच उगवतो.

दोनला पाच कमी असताना कॅज्युअल्टीतून फोन आला.

तिशीच्या आतला मुलगा, ठाण्याचा, आईबरोबर आलेला. तक्रार काय, तर सकाळी जिना उतरताना डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ह्याला कळलंच नाही. चार पायऱ्या अनवाणी उतरला. मागून येणारी आई ओरडली, ‘अरे चप्पल!’, तेव्हा त्याने खाली बघितलं. आदल्या संध्याकाळी घराजवळच्या एका दवाखान्यात डाव्या खांद्याचा एक्स-रे काढून झाला होता. एक्स-रे चांगला, म्हणून पेनकिलर देऊन घरी पाठवलेलं. तिथे कोणी विचारलं नाही आणि ह्याने सांगितलं नाही.

विचारलं ते आमच्या कॅज्युअल्टीतल्या नव्या आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर मुलीने. त्याच्या मनगटावर उन्हाने रापलेल्या कातडीत एक चांगला रुंद पांढरा पट्टा दिसला. ‘एवढं मोठं घड्याळ घालतोस?’ असं ती सहज म्हणाली. तो म्हणाला, ‘घड्याळ नाही, डाइव्ह कॉम्प्युटर होता, पाण्यात खोली आणि वेळ बघायला. भाड्याचा. परत दिला.’ त्या एका वाक्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि आमच्या सरांना, म्हणजे चेंबरच्या डॉक्टरांना, फोन लावला.

मग एकेक बाहेर आलं. अंदमानात चार दिवस, रोज दोन-तीन डाइव्ह. शेवटची गुरुवारी दुपारी, अठ्ठावीस मीटर खोल. अडीचच्या सुमारास पाण्याबाहेर आला. संध्याकाळी अंग नेहमीपेक्षा जास्त गळून गेलं होतं, खांदा आतून ठणकत होता. सिलिंडर उचलला म्हणून असेल. पोटावर खाज आणि जांभळट जाळीदार चट्टे. वेटसूट घट्ट होता म्हणून असेल. रात्री मित्रांबरोबर दोन बिअर, त्यावर गरम पाण्याचा लांबलचक शॉवर. शुक्रवारी सकाळी सात वाजता विमान. विमानात डाव्या पायाला मुंग्या आल्या. सीट अरुंद म्हणून असेल. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे ‘म्हणून असेल’ तयार होतं. माणूस मूर्ख नव्हता, चांगला इंजिनिअर आहे. पण सुट्टी संपताना आपल्याला काही झालंय हे कोणालाच नको असतं.

गणित असं, की पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दारं पाणी पिऊन फुगतात आणि पाऊस थांबला तरी ती लगेच लागत नाहीत, सुकायला वेळ घेतात. शरीराचं तसंच. रक्तातून नायट्रोजन पटकन निघतो, चरबीतून आणि सांध्यांच्या भोवतालून सावकाश. त्याला सावकाश निघू दिलं तर फुप्फुसातून निमूट बाहेर पडतो. घाई केली तर जागच्या जागी बुडबुडे होतात आणि त्यांनीच सांधे दुखतात, पाय बधिर होतो. ह्याच दुखण्याला ‘बेंड्स’ म्हणतात. विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी नसते. तिथला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई शिखर ५,४०० फूट. म्हणजे अंग अजून ओलं असताना ह्याला उचलून कळसूबाईच्याही वर नेऊन बसवलं. एकच साधी डाइव्ह असेल तर निदान बारा तास आणि लागोपाठच्या दिवसांत अनेक असतील तर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा डायव्हिंगवाल्यांचा दंडक आहे. बरेच जण सरळ चोवीस धरतात. ह्याचे साडेसोळा भरले होते. ‘दीड तासच कमी पडला ना सिस्टर?’ हे त्याने मला तीनदा विचारलं. खरं म्हणजे विमानाचा दीड तास ही त्यातली छोटी चूक. खांदा दुखायला लागला तेव्हाच कोणाला तरी सांगून ऑक्सिजन लावून घेतला असता आणि विमान सोडलं असतं, तर चप्पल निसटलीच नसती कदाचित.

चेंबरमध्ये न्यायच्या आधी एक भलतीच अडचण. पोराच्या अंगाला कापराचा, निलगिरीचा घमघमाट. आईने रात्री नारायण तेल चोळलं होतं, त्यावर बाम, त्यावर गरम पाण्याची पिशवी. दाबाखाली ऑक्सिजन असतो तिथे तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही. आग लागली तर पळायला जागा नसते. त्याला साबणाने दोनदा खसखसून पुसलं, केस धुतले, सुती कपडे चढवले, मोबाईल बाहेर. मी पुसत असताना आई पडद्याआडून म्हणाली, ‘सिस्टर, मी चोळलं म्हणून वाढलं का हो?’

डाइव्हनंतर मालिश करू नये, शेकू नये, हे खरं आहे. मालिशने दुखणं झाकलं जातं आणि नेमकं कुठून आलं ते कळत नाही. अंग तापलं की विरघळलेला वायू लवकर सुटू बघतो. पण त्या बाईला हे त्या क्षणी सांगून काय मिळणार होतं? म्हटलं, ‘नाही हो काकू, ते आधीच होतं.’ अगदीच खोटं नाही ते.

आता आत कोणी बसायचं, हा प्रश्न. पेशंटबरोबर एकजण आत लागतोच. सकाळच्या दोन्ही बॅचना माझी सहकारी आत होती, म्हणजे तिच्या अंगात आधीच नायट्रोजन मुरलेला. माझं अंग कोरं होतं. टेक्निशियनने माझ्याकडे बघितलं, मी बॅगेकडे बघितलं. चेंबरच्या आत बसणाऱ्यालाही चोवीस तास विमान बंद, हा नियम मीच नवीन मुलींना शिकवते.

साडेतीनला दार लागलं. साठ फूट, म्हणजे अठरा मीटर पाण्याखाली असतो तेवढा दाब, जमिनीवरच्या २.८ पट. तीन मिनिटांत तिथे पोचलो. दाब चढताना हवा अशी तापते की बंद रिक्षात मे महिन्यात बसल्यासारखं होतं. नाक दाबून कान सोडायचे, पुन्हा दाबायचे. माझ्या शेजारची झाकण लावलेली पाण्याची बाटली चुरगळत गेली. आवाज नाकातून आल्यासारखे बारीक होतात. तो घाबरून काहीतरी म्हणाला आणि स्वतःचाच आवाज ऐकून हसला. तिथून आमचं जमलं आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

वीस मिनिटं ऑक्सिजन, पाच मिनिटं मास्क काढून साधी हवा, असं तीनदा. ह्या पाच मिनिटांना फार महत्त्व. एवढ्या दाबाखाली सलग ऑक्सिजन दिला तर फीट येऊ शकते. म्हणून माझी नजर सतत त्याच्या ओठांवर, ते फडफडतात का बघायला. दर ब्रेकला मी त्याच्या पायाचा अंगठा धरून विचारायचे, ‘डोळे मीट. वर केलाय की खाली?’ पहिल्या वेळी पाचात तीन चुकली. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर त्याने खांद्याकडे बोट दाखवून हात हलवला. खांदा थांबला होता. अंगठा मात्र अजून त्याचा नव्हता.

ब्रेकमध्ये त्याला पाणी पाजत होते. पाण्यात बुडालेल्या शरीराला लघवी जास्त होते, वर सिलिंडरची हवा कोरडी, त्यामुळे डायव्हर नेहमीच सुकलेला बाहेर येतो. त्यात बिअर म्हणजे आणखी सुकवणं. तो म्हणाला, ‘पण ग्रुपमधले बाकीचे सगळे तेच करत होते, त्यांना काही नाही झालं.’ हे खरं असतं आणि म्हणूनच वाईट. ह्या दुखण्याला हिशेब नाही. नियम पाळूनही एखाद्याला होतं. चारांतल्या एका माणसाच्या हृदयात जन्मापासूनचं एक बारीक झडपेसारखं भोक उरलेलं असतं, तिथून बुडबुडे फुप्फुसाची चाळणी चुकवून सरळ पुढे जाऊ शकतात. त्याचीही ती तपासणी व्हायची होती.

आमच्या सरांची नवीन मुलांना सांगायची ठरलेली गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची आहे. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करून वर आलेल्या मजुरांचे सांधे दुखायचे. अशीच माणसं वाकून चालायची, त्यावरून ‘बेंड्स’ हे नाव पडलं. मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये त्यानेच अंथरुणाला खिळला आणि त्याची बायको एमिली त्याच्या सूचना घेऊन साइटवर जात राहिली. १८८३ मध्ये पूल खुला झाला. मला त्यातली एमिलीच आवडते. आत बसणारीची गोष्ट आहे ती.

कारण तिथे बसल्याबसल्या माझ्या लक्षात येत होतं, की तो ऑक्सिजन ओढतोय, त्याच्यातला नायट्रोजन उतरतोय. मी साधी हवा घेतेय, माझ्यात तो चढतोय. पुढे तीस फुटांवर येऊन त्याला तास-तासाच्या दोन फेऱ्या. शेवटचा अर्धा तास वर येताना मीही मास्क लावला, तो माझ्यासाठी. दाब उतरताना आत गारठा पडतो आणि धुकं दाटतं. सव्वाआठला दार उघडलं तेव्हा अंगठा पाचात चार बरोबर आला होता. उरलेल्या बधिरपणासाठी आणखी सेशन्स लागणार होती. विमान निदान तीन दिवस नाही आणि पुन्हा डायव्हिंगचं तर नावच काढू नकोस, हृदयाची तपासणी होईपर्यंत, असं सरांनी त्याला बजावलं.

मी नागपूरला फोन लावला. ताई आधी गप्प, मग म्हणाली, ‘अगं, पाण्यात पायसुद्धा न घालता तू कसली गं डायव्हर?’ मग म्हणाली, रात्रीची एखादी ट्रेन पकड. तेही नाही. कसारा घाट चढून इगतपुरीला गाडी सहाशे मीटरवर जाते. तारकर्लीला जाऊन आलेल्यांना मी हेच सांगते. तिथे हात धरून चार-पाच मीटरवर नेतात, त्यात नायट्रोजनपेक्षा कानच जास्त धरतात. पण शिकलेला डायव्हर असशील आणि दिवसभर खोल गेला असशील, तर त्याच संध्याकाळी आंबोली घाटाने गाडी काढू नकोस.

घरी पोचायला दहा वाजले. भात खाताना डावं कोपर दुखतंय असं वाटलं. फार नाही. कळवा स्टेशनवर बॅग ह्यांच्याकडे द्यायच्या आधी जिना मीच चढले होते. बॅग उचलली म्हणून असेल.

घास हातातच राहिला. त्या वाक्याचीच भीती वाटली. अकरा वाजता सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, दाबल्यावर दुखतं का, हलवल्यावर वाढतं का, कुठे मुंग्या? मी धड उत्तर देऊ शकले नाही. सर म्हणाले, ‘पेशंटने असं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?’ ह्यांनी मुकाट्याने टॅक्सी बोलावली.

कॅज्युअल्टीत तीच आरएमओ मुलगी. रात्रपाळी जोडून आलेली, डोळे तांबारलेले. तिने माझ्याकडे न हसता बघितलं आणि केसपेपर ओढला. ‘गेल्या चोवीस तासांत डाइव्ह?’

‘हो. साठ फूट.’

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी घरी न सांगता काहीतरी करून आले.

ऑक्सिजन लावून झोपवलं. साडेबाराला सर स्वतः आले, डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, कोपरावरून बोट फिरवत गेले आणि हाडाच्या एका टोकावर दाबल्यावर मी ‘आई गं’ म्हणून ओरडले. सर हसले. पावणेपाच तास लोखंडी बाकाच्या कडेवर कोपर टेकवून त्या पोराचे ओठ बघत बसले होते मी, तिथे मुका मार लागला होता. तरी सकाळपर्यंत ठेवून घेतलं.

सात वाजता वड्यांचा डबा घेऊन वॉर्डात गेले. नागपूरला आता जाणार नव्हत्याच. कॉरिडॉरमधून तो आईचा हात धरून चालत येत होता, सावकाश, दोन्ही पायांत चपला. डावी जरा घासत होती, पण होती. माझ्या मनगटावरचा पेशंटचा पट्टा बघून तो थबकला.

‘सिस्टर, तुम्ही?’

‘कोपर दुखत होतं.’

त्याने वडी तोंडात टाकली. ‘बॅग उचलली म्हणून असेल,’ तो म्हणाला.