कार्डिफमधला एक स्क्रम आणि बिआरित्झचे चार गुण

रग्बी सामन्यांचं चित्रीकरण तुकड्यांत मोडून त्यातल्या घटनांची नोंद करणं हे माझं काम. त्या दिवशी बचाव शिकवणाऱ्या प्रशिक्षकांच्या वर्गासाठी एक संकलन हवं होतं. छोट्या गावाचा क्लब युरोपातल्या मोठ्यांसमोर टिकतो कसा आणि हरतो नेमका कुठे, हे वीस मिनिटांत दिसलं पाहिजे, एवढीच सूचना होती. सामने बिआरित्झ ऑलिंपिकचे. वर्ग संध्याकाळी होता. दिवसाचा मोठा भाग एकाच स्क्रमवर (दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तो प्रकार) गेला आणि तो तसा जाणं गरजेचंच होतं.

बिआरित्झ हे फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाचं, अटलांटिकच्या काठावरचं बास्क गाव. वस्ती सुमारे पंचवीस हजार. या गावाच्या क्लबने २००२, २००५ आणि २००६ साली फ्रान्सचं विजेतेपद मिळवलं आणि २००६ व २०१० साली युरोपीय चषकाची अंतिम फेरी गाठली. गावातलं आगिलेरा मैदान बाद फेरीच्या मोठ्या सामन्यांना अपुरं पडायचं, म्हणून क्लब सीमा ओलांडून सान सेबास्तियनच्या अनोएता मैदानावर खेळायला जाई. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. देश स्पेन, पण मुलूख बास्कच, त्यामुळे स्टँडमधला जल्लोष घरचाच असे. २००५ साली तिथे आयर्लंडच्या मन्स्टरला १९-१० असं हरवलं. २००६ मध्ये सेल शार्क्सना ११-६, मग बाथला १८-९. २०१० मध्ये ऑस्प्रेजना २९-२८ आणि उपांत्य फेरीत पुन्हा मन्स्टरला १८-७.

हे आकडे ओळीने मांडले की पद्धत दिसायला लागते. अकरा गुण म्हणजे एक ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवणं, पाच गुण) आणि तीन-तीन गुणांच्या दोन किक, दुसरी बेरीज बसतच नाही. २०१० च्या उपांत्य सामन्यातले अठराच्या अठरा गुण बिआरित्झच्या दिमित्री याश्विलीच्या सहा पेनल्टींचे (समोरच्याच्या चुकीबद्दल मिळणारी, तीन गुणांची किक), तर मन्स्टरची एकमेव ट्राय कीथ अर्ल्सची. २०१२ मध्ये चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात तुलाँला २१-१८ ने हरवलं, तेव्हा तर दोन्ही बाजूंनी एकही ट्राय झाली नाही. ऑस्प्रेजविरुद्धचा सामना वेगळा. त्यात ताकुद्झ्वा न्ग्वेन्याची लांब पल्ल्याची धाव आहे आणि ती पुन्हापुन्हा पाहावी अशीच आहे. तरी या क्लबचा पाया तो नव्हता. पाया होता सामना आखूड करण्याचा.

सामना आखूड होतो म्हणजे काय, हे मोजावं लागतं. म्हणून पहिल्या फेरीत मी फक्त घड्याळ नोंदवतो: चेंडू खेळात कधी आला आणि कधी गेला. दुसरं काहीही त्या फेरीत नोंदवायचं नाही, नाहीतर लक्ष फुटतं. ऐंशी मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. गोलसाठी पेनल्टी घेतली की टी (चेंडू ठेवायची छोटी बैठक) आणणं, चेंडू बसवणं, पावलं मोजणं, किक आणि मग मध्यावरून पुन्हा सुरुवात, यात मिनिटभर सहज जातं आणि घड्याळ चालूच राहतं. सहा यशस्वी पेनल्टी म्हणजे अठरा गुण, आणि शिवाय सहा-सात मिनिटं समोरच्या धावपटूंच्या हाती चेंडू नाही. स्क्रम कोसळून पुन्हा लावला तर आणखी अर्धं-पाऊण मिनिट. राखीव बाकावर पुरेसे तगडे खेळाडू नसलेल्या क्लबला ही मिनिटं सोन्यासारखी. २०१० च्या त्या उपांत्य सामन्यात इमानोल आरिनोर्दोकी बरगड्या दुखावलेल्या असताना खेळला. तुलूझसारख्या मोठ्या क्लबकडे अशा वेळी दुसरा आंतरराष्ट्रीय खेळाडू तयार असतो.

दुसऱ्या फेरीत स्क्रम आणि लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकून खेळ पुन्हा सुरू करणं). प्रत्येक स्क्रमला चार खुणा: चेंडू कुणाचा, टचलाइनपासून (मैदानाच्या बाजूच्या रेषेपासून) अंतर, किती वेळा पुन्हा लावला, निकाल काय. नोंदीची खिडकी घटनेच्या पाच सेकंद आधी उघडावी आणि आठ सेकंद नंतर बंद करावी. आधीचा भाग कापला तर बचावाची रांग कशी उभी राहिली ते हरवतं, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच झालेली असते. तिसऱ्या फेरीत किक: कुठून, कुठवर, मैदानात पडली की थेट बाहेर. याश्विली डाव्या पायाचा, त्यामुळे मैदानाच्या उजव्या बाजूच्या पेनल्टी त्याला सोयीच्या. नकाशावर डावी-उजवी वेगळी ठेवली नाही तर हा फायदा सरासरीत विरून जातो.

जुन्या चित्रीकरणात आणखी एक अडचण येते. युरोपातलं त्या काळचं प्रसारण सेकंदाला पंचवीस चौकटींचं आणि एकाआड एक ओळींचं असतं. ते तसंच उघडलं तर धावणाऱ्या माणसाच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात आणि पाय रेषेच्या आत की बाहेर ते कळत नाही. ओळी वेगळ्या करून सेकंदाला पन्नास चित्रं केली की दोन शतांश सेकंदापर्यंत वेळ मोजता येते. शिवाय दिग्दर्शक रीप्ले दाखवत असताना खेळ पुढे गेलेला असतो. तेवढा भाग ‘अदृश्य’ म्हणून वेगळा ठेवावा, अंदाजाने भरू नये. २००६ च्या अंतिम सामन्यात, खेळ थांबलेला असताना, मन्स्टरच्या मुलखातल्या लिमरिकच्या रस्त्यावर जमलेली हजारोंची गर्दी मैदानातल्या पडद्यावर दाखवली गेली. मन्स्टरच्या पाठीराख्यांना ती आजही आठवते. त्या गर्दीसमोर पंचवीस हजारांचं गाव उभं होतं.

आता तो स्क्रम. २० मे २००६, कार्डिफचं मिलेनियम स्टेडियम, पंच ख्रिस व्हाइट. सुरुवातीलाच सेरेली बोबोने बिआरित्झसाठी ट्राय केली, याश्विलीने त्यावर दोन गुण जोडले. ट्रेव्हर हॉलस्टेडच्या ट्रायने मन्स्टर परतला आणि सामना १०-१० वर आला. मग बिआरित्झच्या हद्दीत खोलवर मन्स्टरचा स्क्रम. स्क्रममध्ये चेंडू टाकणारा आणि तो बाहेर काढणारा स्क्रम-हाफ पीटर स्ट्रिंगर, साडेपाच फुटांच्या आसपास उंचीचा, उभ्या कारकिर्दीत पास देणारा म्हणून ओळखला गेलेला, स्वतः धावणारा म्हणून नव्हे. त्याने चेंडू उचलला आणि स्क्रम आणि टचलाइन यांमधल्या अरुंद बाजूने थेट गोलरेषेपलीकडे गेला. त्या बाजूचा विंगर, म्हणजे कडेला उभा राहणारा खेळाडू, बोबो आत सरकलेला होता. १७-१० वर मध्यांतर झालं.

ही चाल उजव्या बाजूलाच का फळते, याचं कारण स्क्रमच्या रचनेत आहे. चेंडू प्रथेप्रमाणे हल्ला करणाऱ्यांच्या डावीकडून आत टाकला जातो. बचावाचा स्क्रम-हाफ म्हणून त्याच बाजूला उभा असतो. म्हणजे उजवीकडची पट्टी पहिल्या क्षणी त्याच्याविना. तिथे उरतात दोघं: त्या बाजूचा फ्लँकर (स्क्रमच्या कडेचा खेळाडू) आणि विंगर. फ्लँकरने चेंडू बाहेर येईपर्यंत स्क्रमला बांधलेलं राहायचं असतं, आणि हल्ला करणाऱ्यांची उजवी बाजू हातभर जरी पुढे सरकली तरी तो मागे ढकलला जाऊन अर्धं पाऊल उशिरा सुटतो. अशा वेळी विंगर जागेवर असला तर स्ट्रिंगरला थांबावं किंवा पास द्यावा लागतो. विंगर दोन-तीन मीटर आत असला तर त्याला वळून, कोन बदलून, मागून धरावं लागतं, आणि गोलरेषा एवढी जवळ असताना ते जमत नाही.

चित्रातून हे मोजायला मैदानावरच्याच खुणा वापराव्यात. टचलाइनला समांतर पाच आणि पंधरा मीटरवर तुटक रेषा असतात. विंगरच्या पायाची जागा त्या दोन रेषांच्या मधे कुठे पडते ते चौकटीमागून चौकट बघत जायचं. कॅमेरा तिरका असल्याने थेट पट्टी लावून मोजलेलं अंतर खोटं निघतं, त्याच चौकटीतल्या दोन रेषांशी तुलना केली की विश्वास ठेवण्याजोगं येतं.

२००६ आणि २०१० चे स्क्रम एकाच तक्त्यात टाकण्याचा मोह टाळावा लागतो. २००६ मध्ये बचावाची मागची फळी स्क्रमच्या शेवटच्या पायाच्या रेषेवर उभी राहू शकत होती. २००८ पासूनच्या प्रायोगिक नियमांनी तिला आणखी पाच मीटर मागे नेलं आणि ते पुढे कायम झालं. स्क्रम लावण्याची आज्ञाही २००७ मध्ये बदलून चार टप्प्यांची झाली. किकचे आकडे तर आणखी फसवतात. नव्या नियमाने चेंडू स्वतःच मागे, आपल्या गोलरेषेपासून बावीस मीटरच्या आत नेऊन थेट बाहेर मारला तर जागेचा फायदा मिळेनासा झाला. म्हणून मी दोन वेगळे तक्ते केले. त्यातून कार्डिफचा स्क्रम उलट अधिक ठसठशीत झाला: बचावाची फळी जवळ उभी असतानाही ती पट्टी फुटली.

दुसऱ्या अर्ध्यात बिआरित्झने ९ गुण केले, मन्स्टरने ६. याश्विलीच्या तीन पेनल्टी, रोनन ओगाराच्या दोन. फरक एका गुणावर, २०-१९ पर्यंत आला होता. शेवट २३-१९, मन्स्टर चार गुणांनी विजयी. तीन-तीनने चढणाऱ्या संघाला एका फटीतून गेलेले सात गुण फेडायला तीन वेळा पेनल्टीच्या टप्प्यात जावं लागतं, आणि प्रत्येक वेळी सामना आणखी आखूड होत जातो. आधी जी मिनिटं त्यांच्या बाजूने संपत होती, ती आता विरुद्ध संपायला लागतात. २०१० च्या अंतिम फेरीत तुलूझकडून २१-१९ ने हार झाली, पण तो हिशेब उलटा होता: सामन्यातली एकमेव ट्राय बिआरित्झची होती. २००६ मध्ये बिआरित्झच्या लाल-पांढऱ्या संघात असलेला थिएरी दुसोत्वार तेव्हा तुलूझच्या बाजूने खेळत होता. छोट्या क्लबचं हेही एक गळतं ठिकाण आहे, आणि ते कुठल्याच सरावाने बुजत नाही.

वर्गात चित्रफितीनंतर लगेच मैदानावर करायचा सराव ठेवला. स्क्रमऐवजी आठ टॅकल बॅगा, पाच आणि पंधरा मीटरवर शंकू. हल्ल्याला स्क्रम-हाफ, आठ नंबर (स्क्रमच्या शेवटी असणारा खेळाडू), उजवा विंगर, शिवाय मोकळ्या, म्हणजे मैदानाच्या रुंद बाजूला दोन जण. बचावाला स्क्रम-हाफ, फ्लँकर, डावा विंगर आणि मागे फुलबॅक. हल्ल्याचा स्क्रम-हाफ तीनपैकी एक करणार: मोकळ्या बाजूला पास, स्वतः उजवीकडे, किंवा आठ नंबरकडून उचल. विंगरला एकच नियम: चेंडू स्क्रम-हाफच्या हातून मोकळ्या बाजूला सुटलेला दिसेपर्यंत पाय पाच मीटरच्या रेषेजवळून हलवायचा नाही. आतली पोकळी भरायची जबाबदारी फुलबॅकची, आणि तसं त्याने ओरडून सांगायचं. सहा वेळा करून बाजू बदलायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी, सलग दोन पास मोकळ्या बाजूला गेल्यावर, विंगर आपोआप आत सरकायला लागतो. प्रशिक्षकाने शिट्टी तेव्हाच वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवायचं आणि त्याच्या पायापासून रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजून मोठ्याने सांगायचं.