सॉल्ट लेक सिटी ते डेन्व्हर : ट्रकमागे मोटार घेऊन

सॉल्ट लेक सिटीहून डेन्व्हरला बिऱ्हाड हलवायचे ठरले, तेव्हा आम्ही सामानासाठी २० फुटी ट्रक भाड्याने घेतला आणि आमची मोटार त्याच्यामागे ट्रेलरवर चढवून नेली. भरल्यावर एकूण वजन २६,००० पौंडांपर्यंत मंजूर असलेला असा ट्रक अमेरिकेत घरगुती कामासाठी साध्या परवान्यावर चालवता येतो. त्यामुळे मोटारीहून मोठे वाहन कधीही न चालवलेल्या माणसाच्या हातातही त्याची किल्ली सहज पडते. ही सोय मला थोडी धास्तावणारी वाटते, कारण या दोन शहरांच्या मधे रॉकी पर्वत आडवा पसरलेला आहे.

मोटार ओढून नेण्याची साधने दोन प्रकारची मिळतात. एकात फक्त पुढची चाके उचलली जातात व मागची रस्त्यावर फिरत राहतात. दुसऱ्यात चारही चाके ट्रेलरवर चढतात. आमच्या मोटारीच्या चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते. अशा गाडीची दोनच चाके रस्त्यावर फिरू दिली तर तिच्या यंत्रणेची हानी होते, म्हणून पूर्ण ट्रेलर घेण्यावाचून पर्याय नव्हता.

या प्रवासातील बरीचशी सुरक्षितता चाक हलण्यापूर्वीच ठरून जाते, आणि ती ठरते वजनाच्या वाटणीवर. मोटार सुमारे १,४०० किलो, रिकामा ट्रेलर सुमारे १,००० किलो, म्हणजे ओढायचे वजन २,४०० किलो. यातले दहा ते पंधरा टक्के, म्हणजे २४० ते ३६० किलो, ट्रकच्या मागील जोडणीवर टेकलेले असावे लागते. बैलगाडी भरताना ती उलाळ होऊ नये आणि फार धुरजडही होऊ नये, याची जी काळजी आपल्याकडे घेतात तीच इथे घ्यायची. वजन मागे गेले तर ट्रेलरचे नाक हलके होते आणि वेग वाढताच तो डावीउजवीकडे झुलू लागतो. पुढे फार आले तर ट्रकची मागची बाजू दबते आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते. म्हणूनच मोटार नेहमी तोंड पुढे करून चढवतात, जेणेकरून इंजिनाचे वजन ट्रेलरच्या आसांच्या पुढे राहते. मोटारीच्या डिकीत पुस्तकांची खोकी भरण्याचा मोह आम्हाला झाला होता, पण तिच्यात काहीही ठेवायचे नाही असा नियम आहे आणि तो अगदी योग्य आहे.

ट्रेलरच्या नाकावरची खोबण, म्हणजे कपलर, ट्रकमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, पूर्ण बसला आहे ना, हे पाहिल्यावर सुरक्षा साखळ्या जोडणीखालून एकमेकींना छेद देऊन अडकवल्या. अशा फुलीमुळे, बॉल निसटलाच, तर ट्रेलरचे नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. पुढच्या दोन्ही टायरांवरून पट्टे घेऊन रॅचेटने आवळले, मोटारीचा हँडब्रेक ओढला, गिअर पार्कमध्ये ठेवला. ट्रेलरचे इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे पत्नीने मागे उभे राहून एकेक तपासले.

नुकतेच आवळलेले पट्टे सुरुवातीच्या काही मैलांत हमखास सैल पडतात, कारण टायर थोडे दबून बसतात. स्पॅनिश फोर्कच्या खिंडीत थिसलजवळ थांबून आम्ही ते पुन्हा आवळले. १९८३ साली इथे डोंगर खचून नदी अडली आणि थिसल गाव पाण्याखाली गेले. आजचा रस्ता त्यानंतर डोंगराच्या कुशीत वर नव्याने काढलेला आहे. पुढे सोल्जर समिट हा ७,४७७ फुटांवरील घाटमाथा विनासायास पार झाला.

खरी परीक्षा ग्रीन रिव्हर गावानंतरच्या सपाट वाळवंटात सुरू झाली, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. आम्ही ट्रेलर ओढतानाची ताशी ५५ मैलांची मर्यादा पाळत होतो, आणि ७५ मैलांनी जाणारे अजस्र ट्रक शेजारून निघून जाताना हवेचा झोत आधी आम्हाला बाहेर ढकलत असे व मग आत ओढत असे. एकदा पत्नी आरशात पाहून म्हणाली, "ट्रेलर हलतोय बघ." अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि वेग वाढवायचाही नाही, स्टिअरिंग सरळ धरून केवळ ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा. झोके सावरण्यासाठी स्टिअरिंग उलटसुलट फिरवले तर ते वाढतात. काही क्षणांत ट्रेलर मुकाट मागे आला.

कोलोरॅडो नदीच्या काठाने जाणाऱ्या, १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या ग्लेनवूड खिंडीतील महामार्गाचे कौतुक करायला चालकाला फारशी सवड नसते. व्हेल पास या घाटमाथ्याची उंची १०,६६२ फूट, तर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहूनही वर आहे. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन या विरळ हवेत जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गमावते. उजव्या मार्गिकेत, धोक्याचे दिवे लावून, आम्ही गोगलगायीच्या गतीने चढलो. चढ फक्त वेळ खातो, त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

उताराचे तसे नाही. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात: ट्रकचा वेग कमी होताच ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्याने जोडणीतला हायड्रॉलिक सिलिंडर दाबला जाऊन ते लागतात. चालकाने ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ट्रकचे आणि ट्रेलरचे ब्रेक एकदमच तापतात. खंडाळ्याच्या घाटातले जुने चालक ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायला सांगत, ते ऑटोमॅटिक ट्रकलाही लागू पडते. बोगद्याबाहेर पडताच, वेग वाढण्याआधीच, मी खालचा गिअर निवडला. वेग ठरवलेल्या मर्यादेला पोचला की ब्रेक ठामपणे दाबून तो पाचेक मैलांनी उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा, असे जॉर्जटाउनपर्यंत चालले. तिथे थांबून चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ऊब होती, जळका वास नव्हता.

डेन्व्हर दिसू लागल्यावर घाट संपला असे वाटते, आणि नेमका तिथेच जेनेसीनंतरचा शेवटचा तीव्र उतार लागतो. उतार अजून संपलेला नाही, असे ट्रकचालकांना बजावणारे फलक तिथे मुद्दाम लावले आहेत. एप्रिल २०१९ मध्ये याच उताराच्या पायथ्याशी एक मालवाहू ट्रक न थांबता वाहनांच्या गर्दीत घुसला आणि चार जणांचा जीव गेला. आम्ही तो टप्पाही खालच्याच गिअरमध्ये उतरलो.

नव्या घरासमोर मोटार उतरवताना ट्रेलर ट्रकलाच जोडलेला ठेवला. आधी सोडला असता, तर मोटार आसांच्या मागे सरकताच त्याचे नाक झटक्याने वर उचलले गेले असते. सपाट जागा पाहून ट्रकचा हँडब्रेक ओढला, चाकांना उटी लावली, पट्टे सोडले, रॅम्प बाहेर ओढले आणि मग मोटार हळूहळू मागे घेतली.