समासातली शिसपेन्सिल

आमच्या वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकात शेवटच्या पुठ्ठ्याला आतून नियमांचा कागद चिकटवलेला असतो. चौथा नियम : पुस्तकावर रेघा मारू नयेत, शेरे लिहू नयेत. मी सध्या वाचतोय त्या कादंबरीत या नियमासमोर कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, 'मान्य'.

पुस्तक घरी आणलं की मी आधी समास चाळतो, मजकूर मग. इतक्या वर्षांत ही मंडळी अक्षरावरून ओळखीची झालीत. एक आहेत ऱ्हस्व-दीर्घवाले. गोष्टीत कोण मेलं, कोण कुणाबरोबर पळालं याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. 'आणी' दिसलं की ते दुसरी वेलांटी खोडून पहिली काढणार आणि पुढच्या पानावर जाणार. एक 'वा!'वाले. त्यांचा 'वा!' कुठेही पडतो. एकदा तर नायकाच्या दवाखान्याच्या बिलापाशी पडला होता.

आणि एक बाई. बाईच, असं आपलं मी ठरवून टाकलंय. नायक बायकोला म्हणतो, 'तुला इथे कमी कशाची आहे?' शेजारी समासात : 'विचारून बघितलंस कधी?' त्याच्याखाली दुसऱ्या हाताने, निळ्या बॉलपेनने : 'गुपचूप वाचा.' पेनवाल्याचं मला नवल वाटतं. आपलं म्हणणं कुणी कधी खोडेल, ही शंकाच त्याला शिवत नाही. बाईंना ती असणार. म्हणून तर त्या इतकं खरं लिहून जातात. नवरा, सासू, शेजारीण, कुणी बघत नाही, आणि बघितलंच तर रबर आहे.

पेन्सिलीला सगळेच किरकोळ समजतात. इंग्रज सरकारही समजलं. मंडालेच्या तुरुंगात टिळकांना शाई मिळत नसे. पेन्सिली मिळत, त्याही टोक करून. सुटे कागद नाहीत. वह्या बांधीव, पानांवर आकडे घातलेले, म्हणजे एखादं पान गायब झालं तर लगेच कळावं. बंदोबस्त चोख होता! फक्त त्या आकड्यांच्या मधल्या जागेत काय चाललंय, हे मोजायचं राहिलं. १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीनेच 'गीतारहस्य' लिहून झालं, आणि १९१५ साली ते छापून लोकांच्या हातात पडलं. खोडता येणाऱ्या अक्षरांत लिहिलेलं ते पुस्तक अजून घराघरांतल्या कपाटात आहे. बऱ्याच घरांत न वाचलेलं, पण आहे.

मी स्वतः समासात शब्द लिहीत नाही. नुसती रेघ ओढतो. मत तर द्यायचं असतं, पण कुणाचं ते कळू द्यायचं नसतं, त्यातली गत. बाईंच्या एका ओळीपुढे माझ्या सगळ्या रेघा भित्र्या वाटतात.

परवा पुस्तक परत करताना ग्रंथपालकाकांनी ते नेमक्या त्याच पानावर उघडलं. काही न बोलता ड्रॉवरमधून रबर काढून माझ्यापुढे सरकवला. मी मुकाट्याने माझी रेघ खोडली, चुरा फुंकला. वरच्या कोपऱ्यात बाईंचं काहीतरी होतं, तिकडे रबर नेला नाही. काकांनीही ते बघितलं आणि चष्मा पुसत बसले. मग पान खिडकीकडे तिरपं धरून म्हणाले, "गेली नाही. फार दाबून मारता तुम्ही."