बी दोन महिने, भांडवल बारा महिने : वेळास ते वेंगुर्ला

कोकणात बहुतेक जण समुद्रासाठी येतात. आम्ही या वेळी आलो ते किनाऱ्यावरचे छोटे उद्योग पाहायला, आणि त्यासाठी मार्चअखेर निवडली. या दिवसांत वेळासला कासवांची पिल्लं निघत असतात, देवगडात आंब्याची काढणी लागलेली असते, वेंगुर्ल्यात अंगणोअंगणी काजूची बी वाळत असते आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावर भरत असतात. मे सरता सरता आलात, तर यातलं निम्मं आटोपलेलं असतं.

वाट किनाऱ्याकिनाऱ्यानेच धरावी. बागमांडल्याला गाडीसकट फेरीबोटीत चढलं की सावित्रीच्या खाडीपलीकडे वेशवी. पुढे दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन फेऱ्या. या बोटी नसत्या तर दाभोळहून समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात जायला चिपळूणचा वळसा घालावा लागला असता. खाडीच्या दोन काठांमधल्या शाळा, बाजार, सोयरिकी यांचं अंतर एका बोटीने कमी होतं. कोकणातल्या उद्यमशीलतेची सुरुवात बघायची तर ती इथूनच.

वेळास हे नाना फडणविसांचं गाव. 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास चोरीला जात. गाव हळूहळू कामात आलं, मग कासव महोत्सव सुरू झाला, मग घरगुती राहण्या-जेवणाची सोय. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी अंडी वाचली, पाहुणे नंतर आले. आधी खोल्या बांधून मग कासवं शोधायला निघालेल्या गावाला हे साधणं कठीण, कारण घरटी राखायची शिस्त अंगवळणी पडायला काही हंगाम जावे लागतात आणि खोल्यांचं कर्ज तेवढं थांबत नाही.

काम कष्टाचं आहे. रात्री आणि पहाटे किनाऱ्यावर गस्त घालायची, मादीच्या पावलांचा माग काढून घरटं शोधायचं. ती दीड-दोन फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा खड्डा करून शंभराच्या वर अंडी घालते. ती काही तासांतच हलवायची असतात, तीही वरची बाजू वरच ठेवून. उशीर झाला की गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं की दगावतो. हॅचरीतला, म्हणजे अंडी उबवायला राखलेल्या जागेतला खड्डाही मूळ घरट्याइतकाच खोल आणि तसाच हवा. उथळ खणला तर वाळू जास्त तापते, आणि पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरत असल्याने सगळं गणित माद्यांकडे झुकतं. तापमान फारच चढलं तर अंडी वायाच जातात. 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. निघाली असतील तर समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि ती आपल्या पायांनी पाण्यात जातात.

पाहुणा ज्यासाठी आला ते त्याला दिसेल याची हमी देता येत नाही, हीच या व्यवसायातली अडचण. टोपली रिकामी निघाली की मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेला माणूस चिडतो. इथल्या काकू फोनवरच सांगून टाकतात, "पिल्लं निघतीलच असं नाही हो, दोन दिवस काढून या." नुकसान सोसून खरं सांगायचं, आणि तरी समोरच्याला यावंसं वाटेल अशा आवाजात सांगायचं, ही किती मोठी कमाई आहे! परक्या माणसाशी मोकळेपणाने बोलायची सवय नसलेल्या घरांनी ती मिळवली आहे. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो मला इथे दिसतो.

दापोलीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत वेळ काढून जा. 1972 साली स्थापन झालेल्या या कोकण कृषी विद्यापीठाने किनाऱ्याला दिलेल्या गोष्टींत रत्ना आणि सिंधू या आंब्याच्या जाती आहेत, देठासकट आंबा काढणारा नूतन झेला आहे, आणि कोकण अमृता, कोकण हातीस ही कोकमाची कलमं आहेत. कोकमाच्या कलमाचं मोल समजून घ्यायला हवं. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बीपासून रोप लावलं तर ते नर की मादी हे फुलल्यावरच कळतं, आणि फुलायला सहा-सात वर्षं लागतात. निम्मी झाडं नर निघाली की तितकी वर्षं पाणी घालून हाती फक्त सावली. म्हणून मादी झाडाचं मृदुकाष्ठ (कोवळ्या फुटीवर बांधलेलं) कलम लावायचं आणि परागीभवनापुरती थोडी नर झाडं ठेवायची. आज कलम लावणारा माणूस पुढच्या दशकातल्या कारखान्याचा कच्चा माल लावत असतो.

कोकमावर प्रक्रिया दिसायला सोपी, बिघडायला त्याहून सोपी. आमसुलं करायला पिकलेले रातांबे फोडून साल वेगळी करतात, बियांच्या गरातून सुटलेल्या रसात मीठ घालून त्यात साल बुडवतात आणि उन्हात घालतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस, पुन्हा ऊन. पाच-सहा पुटं चढली की साल काळसर, लवचिक होते. शेवटच्या पुटाला वळवाचा पाऊस आला तर बुरशी धरते, म्हणून ज्याच्याकडे सोलर ड्रायर किंवा निदान प्लॅस्टिकचं छप्पर आहे त्याचाच माल विकण्याजोगा राहतो.

सरबताच्या पाकाला एक किलो सालीला दोन किलो साखर असं प्रमाण. साल आणि साखर थरावर थर भरून आठवडाभर ठेवायचं, रोज हलवायचं आणि मग गाळायचं. पाक 65 ब्रिक्सच्या, म्हणजे शंभर भागांत साधारण 65 भाग साखरेच्या खाली राहिला की बाटली फसफसते. बाजारात गेल्यावर फुगलेली एक बाटली दुकानदाराचा पुढच्या वर्षीचा ऑर्डर घेऊन जाते. साखरेचं प्रमाण दाखवणाऱ्या, खिशात मावणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकला की हे आधीच कळतं, तरी पाक बोटाला लावून अंदाज घेणारी घरं अजून बरीच आहेत. भांडं स्टीलचं किंवा खाद्यदर्जाच्या प्लॅस्टिकचं हवं. लोखंड आणि ॲल्युमिनियमला कोकमाचं आम्ल खातं. तयार बाटल्या काचेच्या कपाटात उन्हात मांडल्या की तो सुंदर लाल रंग आठवड्यांत विटकरी होतो. उरलेल्या बिया फेकू नयेत. त्यांच्या वजनाच्या जवळजवळ पाव भाग कोकम तेल असतं. ते एरवीही घट्टच असतं, टाचांच्या भेगांना घरोघरी लावतात आणि सौंदर्यप्रसाधनं करणारे ते विकत घेतात.

रत्नागिरीत पतितपावन मंदिरापाशी थांबलो. रत्नागिरीतल्या साध्या घरातून मुंबईला गेलेल्या आणि बांधकामाच्या धंद्यात मोठे झालेल्या भागोजी कीरांनी 1931 मध्ये हे मंदिर सर्व जातींसाठी खुलं बांधून दिलं. धंद्यात मिळालेला पैसा गावाकडे परत कसा यावा याचं हे उदाहरण आहे. पुढची अनेक वर्षं कोकण मनीऑर्डरवर चालला. पैसा येत होता, पण माणूस तिकडेच राहत होता.

देवगडात आंब्याच्या काढणीवर फार लिहायला नको, ती सर्वांना ठाऊक आहे. चौदा आणे तयार झालेलं फळ सकाळच्या गारव्यात देठासकट उतरवायचं, चीक सालीला लागू द्यायचा नाही, पेंढ्याच्या अढीत पिकवायचं. झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा भाग वाढतो. कार्बाइडला बंदी आहे, इथिलीनची परवानगी आहे, तीही ठरलेल्या मर्यादेत. नवं आहे ते विश्वासाचं तंत्र. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत शिरायचा थांबला नाही, कारण मानांकन कागदावर असतं आणि पेटी बाजारात. इथल्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळावर लावायचं सांकेतिक स्टिकर आणलं. कोडाचा काही भाग स्टिकरच्या आत दडलेला असतो, आणि गिऱ्हाईक तो फोनवरून ताडून पाहू शकतं. स्टिकर बागायतदाराला त्याच्या झाडांच्या हिशोबाने मिळतात. बाजारभाव वाढवायची भाषा सगळेच करतात. खोट्याला जागाच न ठेवण्याचा विचार करणारे मला अधिक दूरचं पाहणारे वाटतात.

मालवणात जेवलो, किल्ला पाहिला आणि पुढे निघालो. वेंगुर्ल्याला मात्र मुक्काम हवाच.

इथलं फळसंशोधन केंद्र 1957 पासूनचं. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती इथल्याच. वेंगुर्ला-7 ची एक बी दहा ग्रॅमच्या आसपास भरते, गावठी झाडाची बरेचदा तिच्या निम्मी. मोठी बी म्हणजे मोठा गर, आणि फोडणावळ बीमागे तेवढीच.

एका छोट्या काजू कारखान्यात सकाळभर बसलो. बी आधी दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आणतात. घाईने पोत्यात भरली तर पावसाळ्यात गर काळा पडतो. मग बॉयलरच्या वाफेवर पंधरा-वीस मिनिटं. वाफ कमी पडली तर टरफल चिवट राहतं आणि फोडताना गराचे तुकडे होतात, जास्त झाली तर गर पिवळसर होतो. वाफवलेली बी रात्रभर पसरून निववायची. मग पायाने पात्याचा दाब आणि हाताने बी फिरवणं अशा कटरवर दोन भाग करायचे. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं, म्हणून हाताला खोबरेल किंवा हातमोजे. पुढे ड्रायरमध्ये 60 ते 70 अंशांवर सहा-आठ तास, मग साल सोलणं, मग प्रतवारी. डब्यावर 320 असं लिहिलं म्हणजे एका पौंडात साधारण तितके अख्खे गर. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा. शंभर किलो बीमागे पंचवीस किलोच्या आसपास गर, आणि नफा ठरतो तो अख्खे किती आणि पाकळी-तुकडा किती यावर.

मशीन कुठलं घ्यावं हा प्रश्न इथे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो. कारखाना चालवणाऱ्या ताईंनी त्याचं उत्तर एका वाक्यात दिलं : "बी येता दोन म्हयने, पैसो लागता बारा म्हयने." हिशोब मांडून पाहा. रोज शंभर किलो बी फोडायची आणि वर्षाचे 300 दिवस काम द्यायचं, तर 30 टन बी लागते. ती मार्च ते मे याच काळात उचलायची असते. हिशोबापुरता किलोला 120 रुपये दर धरला, तरी 36 लाख रुपये बीतच अडकतात, आणि ते वर्षभर हळूहळू सुटतात. मशीनसाठी कर्ज मिळतं. 2020 साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. पण ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि बी घ्यायला रोख हाती देत नाही. त्यामुळे झोकात उद्घाटन झालेले कारखाने गणपतीपर्यंत बीविना थांबतात आणि फोडणाऱ्या बायका घरी बसतात. याच योजनेत बचतगटाच्या सभासदाला माणशी 40 हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, खेळत्या भांडवलासाठी आणि लहान अवजारांसाठी. दहा जणींच्या गटाला ते चार लाख होतात, म्हणजे तेहतीसशे किलो बी. महिनाभराहून थोडं अधिक काम.

ताईंचा मार्ग वेगळा आहे. पहिली काही वर्षं त्यांनी मुद्दाम चारच महिने कारखाना चालवला, जेवढी बी रोखीने घेता आली तेवढीच. बँकेची कर्जमर्यादा दर वर्षी थोडी वाढवून घेतली, त्यासाठी रोजची वही ठेवली : किती बी आली, किती गर निघाला, अख्खा किती. ती वही त्यांनी दाखवली. प्रत्येक पानावर फोडणाऱ्या बाईच्या नावापुढे तुकड्यांचं वजन आहे. रागवायला नव्हे, कुणाच्या कटरचं पातं बोथट झालंय ते त्यावरून कळतं. इतक्या साध्या नोंदीतून माणसांवरचा अविश्वास निघून जातो आणि दोष पात्यावर येतो. त्यांच्याकडच्या दोघींनी आता आपापले कटर घरी लावले आहेत. बी ताई देतात, गर ताई घेतात. स्पर्धक तयार होतील ही भीती त्यांना नाही, कारण बोंडाकडे, म्हणजे बी ज्याला लटकते त्या रसाळ फळाकडे अजून कुणाचं लक्षच नाही. बीच्या पाच-सहा पट वजनाचं बोंड आपल्याकडे झाडाखाली कुजतं. ते तोडल्यापासून काही तासांत आंबायला लागतं, म्हणून गोळा करणं आणि रस काढणं एकाच वाडीत व्हायला हवं. पुढचं काम तेच, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी मांडवी खाडीत कांदळवन सफर केली. 2017 पासून स्वामिनी बचतगटाच्या महिला ही सफर चालवतात. होडी वल्ह्यांची आहे, इंजिनाची नाही. आवाज नसल्याने खंड्या उडत नाही आणि डिझेलचा तवंग पाण्यावर येत नाही. वल्हवणारी मावशी कांदळाची कमानदार मुळं आणि तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं वेगवेगळी दाखवते. तिवराचं पान खालून चाटायला सांगते. जिभेला मीठ लागतं, कारण झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. याच मुळांत कोळंबी आणि खेकड्यांची पिल्लं वाढतात. ज्या घरचे पुरुष मासे धरतात त्याच घरच्या बायका ती झाडं उभी ठेवून कमावतात, तेव्हा सरपणासाठी कांदळ तोडू नका हे सांगायला वनखात्याचा माणूस लागत नाही.

सफरीला जायचं तर आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवा. ओहोटीला होडी आतल्या फाट्यांत शिरत नाही, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. त्यामुळे काल कुणी साडेचारला गेलं असेल तर तुम्हाला आज सव्वापाचच्या पुढे बोलावतील. लाइफ जॅकेट घालायला सांगतात, ते घाला. होडीत ठरल्यापेक्षा जास्त माणसं बसवून घेत नाहीत, तिथे आग्रह करू नका.